अर्ध्या मिलिमीटरचे आभार

आदरणीय अण्णा,

सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या हातात नाही, नातीच्या फोनवर पोचेल. ती वाचून दाखवताना मध्ये मध्ये तेलुगूत स्वतःचा मसाला घालणार, हे मी धरूनच चाललेय. घालू दे. समोर येऊन गिटार ठीक केल्याचे आभार मानायला लागलं की तुम्ही "बस की ताई, चहा घे" म्हणून विषय संपवता. चारचौघांत लिहिलं तर हात झटकून उडवता येणार नाही, म्हणून हा उद्योग.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं मागचं सांगते. मी सेहेचाळीस वर्षांची, दिवसभर कॅशच्या खिडकीत बसून नोटा मोजणारी. मुलगा शिकायला पुण्याला गेला आणि त्याची गिटार कपाटावर राहिली. ऑनलाइन मागवलेली, आठ हजारांची, चार महिने वाजवून कंटाळलेली. मला लहानपणापासून वाद्याची हौस, पण आमच्याकडे हौस ही मुलांची करायची असते. घर रिकामं झाल्यावर मी ती खाली काढली, पुसली आणि एका क्लासला नाव घातलं.

सहा महिने गेले. डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडले, ते सोलले, पुन्हा पडले. कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडायचे सूर, त्यातली ई मायनर आली, 'जी' कॉर्ड कशीबशी आली. सी धरली की सगळं बेसूर. एफचं तर नावच काढू नका. पहिलं बोट पट्टीसारखं आडवं सहाही तारांवर दाबायचं, तेही पहिल्याच फ्रेटवर, म्हणजे मानेवरच्या पहिल्या आडव्या पट्टीपाशी! मी दात ओठ खाऊन दाबायची आणि आतून 'ठप् ठप्' आवाज यायचा, कुणीतरी बंद दार वाजवल्यासारखा. सरांचं नाव घेत नाही, माणूस वाईट नाही, पण एक दिवस सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, या वयात बोटं आखडलेली असतात. युकुलेले बघा त्यापेक्षा." म्हणजे चार तारांची छोटी गिटार. घरी आले, कणीक मळली आणि मळता मळता ठरवलं की विकून टाकू.

तीन हजारांत सौदा ठरला तो तुमच्या गल्लीतल्या एका पोराशी. जुळे सोलापूरहून रिक्षाने गिटार घेऊन पूर्व भागात आले. मागांची खडखड चालू होती, त्यात पोराने एक कॉर्ड धरली आणि तोंड वाकडं केलं. "लई कडक हाय की हो काकू." मला वाईटही वाटलं आणि, खरं सांगते, बरंही वाटलं. पंचविशीतल्या पोराची बोटंसुद्धा आखडलेली निघाली म्हणायची.

तुम्ही कट्ट्यावर बसला होता. बनियन, खिशात चष्मा नाही, डोक्यावर चष्मा. म्हणालात, "ती तार मोकळी छेड बघू. आता ती धरून छेड." मी छेडली, धरली, छेडली. तुम्ही डोळे मिटले होते. मग म्हणालात, "मोकळी सुरात हाय. धरली की वर चढती. बाई नाय चुकत, गिटार चुकतीय."

अण्णा, हे वाक्य मी त्या दिवसापासून किती जणांना सांगितलंय, तुम्हाला कल्पना नाही.

पुढचा दीड तास मी आयुष्यात विसरणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. शिवाय कुणा नवशिक्याच्या उपयोगी पडेल. तुम्ही आतून एक पत्र्याचा डबा आणला. मागाच्या जॉबरचा, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याचा, डबा: अ‍ॅलन की, पकडी, कानशी, आणि फट मोजायच्या पात्यांचा तो जुडगा, फिलर गेज. गॅरेजवाले टॅपेट सेट करायला वापरतात तोच. तारेखालून पहिल्या फ्रेटवर एकेक पातं सरकवत गेलात. सहाव्या तारेखाली दोन पाती एकत्र धरून १.१० मिलिमीटरपर्यंत गेलात तरी ती ढिलीच. "हितं निम्मं पायजे," म्हणालात. निम्मं! सहा महिने मी पहिल्या फ्रेटवर दर तार अर्धा मिलिमीटर जास्त खाली ढकलत होते. मोकळ्या तारेला तोलणारी ती टोकाची पांढरी पट्टी, जिला नट म्हणतात, तिच्या खाचा कारखान्यात पुरत्या खोल केलेल्याच नव्हत्या. तार जितकी उंच, तितकी दाबताना ताणली जाते, आणि ताणली की सूर चढतो. नंतर घरी मी ट्यूनर लावून आधीच्या रेकॉर्डिंगमधला सूर तपासला. दुसऱ्या तारेवरचा सी तब्बल वीस सेंट वर होता. एका अर्धस्वराचे शंभर सेंट धरतात, म्हणजे पाचवा हिस्सा. भजनात पेटीवाल्याने एवढं केलं तर टाळकरी मागे वळून बघतील.

मला वाटलं, लगेच खाचा घासायला घ्याल. नाही. आधी मला नवी पेठेत पिटाळलंत, "बारीक तारांचा सेट आण" म्हणून. माझ्या गिटारवर बाराचा सेट होता, म्हणजे सगळ्यांत बारीक तार ०.०१२ इंचाची. सहाही तारांचा मिळून सुमारे सत्तर किलोचा ओढा. तुम्ही ऐकून हसलात: "दीड पोतं सिमेंट लटकवलंय गं मानेला." मी दहाचा आणला. तो चढवून सुरात लावला आणि मगच मान बघितली. सहावी तार पहिल्या फ्रेटवर आणि मान खोक्याला जुळते तिथे, अशी दोन्हीकडे दाबायची, की तार हीच सरळ पट्टी होते. मधे सातव्या-आठव्या फ्रेटपाशी जी फट उरते ती मानेचा बाक. पाव मिलिमीटरच्या आसपास हवी. माझी बरीच जास्त होती. खोक्याच्या तोंडातून अ‍ॅलन की घालून मानेतल्या सळईला पाव आटा दिलात आणि किल्ली बाजूला ठेवून चहा मागवलात. मी म्हटलं, अजून थोडं फिरवा की. "लाकूड हाय ताई, मोटार नाय. त्याला कळायला येळ लागतो."

चहा झाला. पुन्हा मोजलं. पुन्हा थोडा आटा.

मग खाचा. बाजारात नटच्या खाचांसाठी वेगळ्या कानशी मिळतात, तारेच्या जाडीच्या, आणि त्यांची किंमत ऐकून मी गारच पडले. तुम्ही गॅस वेल्डिंगचं नोझल साफ करायच्या बारीक खरबरीत काड्यांचा जुडगा काढलात. प्रत्येक तारेला तिच्या जाडीची काडी. मागच्या बाजूला, खुंट्यांकडे किंचित उतार देत घासत होतात, म्हणजे तार फ्रेटच्या बाजूच्या काठावरच टेकेल. दोन ओढ, तार बसव, सुरात लाव, मोज. दोन ओढ, मोज. मला तर कंटाळा आला होता. सहावी तार ०.६० वर आली आणि तुम्ही काडी डब्यात टाकलीत. "आजून जातं, पण नको. काढल्यालं परत लावता येत नाय."

शेवटी घोडी. खोक्यावर तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीला, सॅडलला, तुम्ही घोडी म्हणता, मीही आता तेच म्हणते. बाराव्या फ्रेटवर तार साडेतीन मिलिमीटर उंच होती, अडीच करायची होती. मी आपली हुशारी दाखवली: "एक मिलिमीटर घासा." तुम्ही बोटाने बारावा फ्रेट दाखवलात. तो तारेच्या बरोबर मध्यावर. मध्यावर एक उतरवायचा तर टोकाला दोन काढावे लागतात. काचेवर पॉलिश पेपर ठेवून घोडीचा तळ घासलात, वरचा बाक न बिघडवता. नोटा मोजणाऱ्या बाईला तिचा चुकलेला हिशेब दाखवून दिलात, आणि तोही इतक्या हळू आवाजात की पोराला ऐकू जाऊ नये.

मग गिटार माझ्या मांडीवर दिलीत. मी एफ धरली. सहाही तारा नाही वाजल्या, पाच वाजल्या. तिसरी तेवढी ठप्प. पण पाच! तुम्ही विचारलंत, "हीच काय ती अवघड?" आणि तेव्हा मला कळलं की तुम्हाला गिटार वाजवताच येत नाही. एकही कॉर्ड नाही.

आमच्या क्लासमधल्या मुलांना हे खरं वाटत नाही. त्यांना मी लिओ फेंडरचं सांगते. स्ट्रॅटोकास्टर, १९५४ सालची, जगातल्या निम्म्या पोरांच्या भिंतीवर जिचं चित्र असतं, ती घडवणारा माणूस. रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचा. गिटार वाजवायला कधी शिकलाच नाही. आणि इतकं लांब कशाला, आपल्या मिरजेत सतार-तंबोरे करायला लागले ते मुळात हत्यारांना धार लावणारे शिकलगार. २०२४ साली त्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. आपल्या सोलापुरी चादरीला ते कधीचंच आहे. तेव्हा जॉबरने गिटार बसवली तर त्यात नवल ते काय? तीस-पस्तीस वर्षं तुम्ही ताणाच, म्हणजे मागावरचे उभे धागेच, सांभाळलात. हजारो धागे सारख्या ओढीने फणीतून काढणाऱ्याला सहा तारा म्हणजे काय.

उन्हाळ्यातलं तुमचं सांगणंही इथे लिहून ठेवते. माझी खोली वरच्या मजल्यावर, त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत तापणारी. गिटार खिडकीशेजारी भिंतीला लटकवलेली असायची. मानेच्या कडेला हात फिरवला की फ्रेटची टोकं बोचायची, मला वाटायचं बनावटच भिकार. तुम्ही बोट फिरवून म्हणालात, लाकूड सुकलंय, आत सरलंय. फ्रेटचा धातू आहे तिथंच आहे. मागाच्या शेडमध्ये उन्हाळ्यात जमिनीवर पाणी का मारतात तेही तेव्हाच कळलं. हवा कोरडी पडली की सूत तटातट तुटतं. तेव्हापासून गिटार बॅगेत, आणि बॅगेत भोकं पाडलेली साबणाची डबी, तिच्यात पिळून घेतलेला ओला स्पंजाचा तुकडा. स्पंज गळता कामा नये. भिंत उन्हाची नको. आणि गाडीच्या डिकीत तर मुळीच नाही. आत इतकं तापतं की डिंक मऊ पडतो आणि तारांच्या ओढीने पूल, म्हणजे घोडी बसते ती खोक्यावरची लाकडी पट्टी, उचलतो. आमच्या ऑफिसातल्या एकाचा तसा उचलला, पंढरपूरला जाऊन येईपर्यंत. त्याला तुमचा पत्ता दिला नाही, घाबरू नका. "बोर्ड लावू नको, गर्दी नको" हे लक्षात आहे.

पैसे घेतले नाहीत. सौदा मोडला म्हणून त्या पोराला मात्र तुम्ही स्वतःच्या खिशातून भजी खिलवलीत, ते मी पाहिलंय.

आता नातीला एक सांगायचंय, म्हणजे ती नीट वाचेल. तुझ्या आजीच्या भजनी मंडळात मी गुरुवारी बसते ना, तिथे पहिल्या दिवशी माझी जी फजिती झाली ती आजोबांना सांगू नकोस असं म्हटलं होतं. आता मीच सांगते. बायका काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीच्या सुरात, गातात. मला एवढंच ठाऊक की काळी पाच म्हणजे ए शार्प, आणि ती कॉर्ड धरायची तर पुन्हा तेच आडवं बोट. दोन अभंग नुसती मान डोलवत बसले. घरी येऊन हिशेब केला: कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा, तिसऱ्या फ्रेटवर लावायचा आणि 'जी' धरायची, की काळी पाच तयार. जी, सी, डी, तीन कॉर्डवर अख्खं भजन निघतं. काळी एक हवी असेल तर कॅपो पहिल्या फ्रेटवर आणि सी. पुढच्या गुरुवारी पेटीशी सूर जुळला. पेटीवाल्या मावशींनी मागे वळून बघितलं, पण ते वेगळ्या कारणाने. नट पूर्वीसारखा असताना कॅपो लावला असता तर तारा सुरात वाजल्या असत्या आणि मला वाटलं असतं कॅपोतच काही जादू आहे. तुम्ही हसाल, पण हे मला कालच सुचलं: कॅपो लावला की नटची उंची बादच होते. म्हणजे सहा महिने एक शंभर-दोनशेचा कॅपो लावूनसुद्धा दोष ओळखता आला असता. तपासायला लागतो तो कान, आणि तो तुमच्याकडे होता.

क्लास मी सोडलेला नाही. सरांना गिटार दाखवली. त्यांनी वाजवून बघितली, बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांची स्वतःची माझ्या हातात दिली आणि विचारलं, "कुणाकडून करून घेतली?" मी म्हटलं, ओळखीतले आहेत.

तर अण्णा, आभार. अर्ध्या मिलिमीटरचे, दोन चहांचे, आणि सगळ्यांसमोर "बाई नाय चुकत" म्हणाल्याचे. दुसरी तार सातव्या फ्रेटवर किणकिणायला लागलीय, बहुधा मान पुन्हा हललीय. पावसाळा लागला ना. रविवारी सकाळी येते. जुन्या तारांतली सहावी तुम्ही ठेवून घेतली होती, ती परसातल्या कारल्याच्या वेलाला बांधलेली मागच्या खेपेला पाहिली. आता पाचवीही गंजलीय. येताना ती घेऊन येते, वेल बराच वर गेला असेल.

तुमची,
कॅशच्या खिडकीतली ताई