ती वाळू नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला हवामान मॉडेलांवरचा, म्हणजे संगणकावर हवामानाचं गणित मांडणाऱ्या प्रणालींवरचा लेख दोनदा वाचला. एकदा वाचून घडी करून ठेवला होता, पण रात्री झोप लागेना, म्हणून उठून पुन्हा उघडला. लेखकांचा मॉडेलांवर राग आहे, तो त्यांनी खुशाल मांडावा. पण "वीस हजार वर्षांपूर्वी समुद्रात थर्मामीटर कुणी बुडवला होता?" असं विचारून ते पुढे निघून गेले, तिथे मला थांबावं लागलं. तो थर्मामीटर मी २७ वर्षं हाताळला आहे.

मी एका समुद्रसंशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक होते. शास्त्रज्ञ नव्हते, हे आधीच सांगते. अरबी समुद्राच्या तळात पाइप घुसवून काढलेला गाळाचा कोअर, म्हणजे गाळाचा लांब दांडा, सेंटिमीटर-सेंटिमीटरचे काप करून आमच्या टेबलावर यायचा. एकेक काप भिजत घालायचा, ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर बारीक धारेखाली धुवायचा, चिखल वाहून गेला की उरलेलं ओव्हनमध्ये वाळवायचं. मग सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या ताटलीत पसरून ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक फोरॅमिनिफेरा उचलायचा. हे एकपेशीय जीव, आणि आम्ही उचलायचो ती त्यांची चुन्याची कवचं, बहुतेक अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. मे महिन्यातही पंखा बंद ठेवावा लागे, नाहीतर सकाळपासूनचं काम उडून जायचं.

ज्या पाण्यात तो जीव वाढला ते जितकं उबदार, तितकं त्याच्या कवचात कॅल्शियमच्या तुलनेत मॅग्नेशियम जास्त. एका अंशामागे साधारण ९ टक्क्यांनी ते प्रमाण वाढतं. हाच आमचा थर्मामीटर. तो चुकतो का? चुकतो. खोल तळावर कवच विरघळायला लागलं की मॅग्नेशियम आधी निघून जातं आणि पाणी होतं त्याहून गार वाटतं. पण हे काम करणाऱ्यांना ते ठाऊक असतं, आणि त्याचा हिशेब धरूनच आकडा दिला जातो.

लेखात दुसरं एक वाक्य आहे, ते मला जास्त लागलं. "पुरावे मॉडेलला जुळतील असे बेतले जातात." एकदा माझ्या हातून दोन कुप्यांच्या चिठ्ठ्या बदलल्या. १२४ सेंटिमीटर खोलीच्या कापाची १४२ ला गेली, १४२ ची १२४ ला. आलेख काढल्यावर दोन ठिकाणी रेघ वेडीवाकडी झाली. आमच्या शास्त्रज्ञ मॅडमच्या भिंतीवर त्याच काळाचा मॉडेलने काढलेला आलेख टाचलेला होता. त्याला जुळत नाहीत म्हणून ते दोन बिंदू खोडून टाकणं अगदी सोपं होतं, कुणी विचारलंही नसतं. मॅडमनी मला बोलावून एवढंच म्हटलं, "दोन्हीकडच्या दहा-दहा सेंटिमीटरचं पुन्हा वेच." तीन आठवडे मी तेच करत होते. डोळे सुजले, घरी स्वयंपाक सासूबाईंनी सांभाळला. चूक सापडली, ती माझी होती, आणि मी ती वहीत माझ्या सहीने लिहिली. पण त्याच फेरवेचणीत १३१ चा बिंदू मात्र पहिल्याइतकाच वाकडा आला. मॉडेलपासून लांब. तो तसाच छापला गेला. बेतायचंच असतं तर तो तिथे राहिलाच नसता.

आता हिमयुगाचं. अमेरिकेतल्या बोल्डरच्या राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्राचं सीईएसएम-२ हे मॉडेल हिमयुगात नापास झालं आणि ते "दडवलं गेलं", असं लेखक म्हणतात. नापास झालं हे खरं आहे. २१ हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत १९० भागांच्या आसपास होता, समुद्र आजच्यापेक्षा १२० मीटरहून अधिक खाली होता, आणि पृथ्वी सरासरी ५ ते ७ अंशांनी गार होती, असं गाळातले नि बर्फातले पुरावे सांगतात. या मॉडेलने ती ११ अंशांहून जास्त गार दाखवली. पण ही गोष्ट ते मॉडेल ज्यांच्या हातातलं, त्यांनीच २०२१ मध्ये शोधनिबंध लिहून जाहीर केली. यात दडवलं काय? कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान ५.३ अंशांनी वाढेल असं तेच मॉडेल सांगत होतं, म्हणून त्यांना शंका आली. खोट ढगांमधल्या बर्फकणांच्या हिशेबात निघाली. तो सुधारल्यावर आकडा ४ च्या आसपास आला.

हे मॉडेल गेल्या शतकाचं तापमान बऱ्यापैकी जुळवत होतं, हे लेखकांनी का सांगितलं नाही? खरी मेख तिथेच आहे. उपकरणांनी मोजलेली नोंद दीडेकशे वर्षांची, बदल अंशापेक्षा थोडा जास्त, त्यात कारखान्यांच्या धुराने ऊन अडून आलेला गारवा मिसळलेला. एवढ्याशा फरकात ढगांची चूक लपून राहू शकते. हिमयुगाइतका मोठा बदल समोर ठेवला की लपत नाही. आमची कवचं त्यासाठी लागतात. त्या चुकीवरून 'तापमानवाढच खोटी' असं म्हणायचं असेल, तर सुधारलेला ४ चा आकडाही वाढीचाच आहे, हे लेखकांनी पाहावं. आयपीसीसीने, म्हणजे हवामान बदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने, २०२१ च्या अहवालात कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यावरच्या वाढीसाठी ३ अंश हा अंदाज धरला, २.५ ते ४ ची शक्यता दिली, आणि तो ठरवताना प्राचीन हवामानाचे पुरावे मोजणीत घेतले.

उलटंही घडलेलं आहे, आणि ते मी आमच्या बाजूच्या चुकीसह सांगते. क्लायमॅप प्रकल्पाने १९८१ मध्ये हिमयुगातल्या समुद्रांचे नकाशे काढले, तेही अशाच कवचांच्या जाती मोजून. त्यात उष्ण कटिबंधाचे समुद्र जेमतेम गार झालेले दिसत होते, पॅसिफिकचा काही भाग तर आजच्याहून उबदार. पण त्याच पट्ट्यातल्या डोंगरांवर हिमरेषा, म्हणजे जिच्यावर बर्फ बारमाही टिकतो ती रेघ, सुमारे ९०० मीटर खाली उतरलेली होती. १९८५ मध्ये मॉडेल चालवून पाहिलं, तेव्हा समुद्र इतका उबदार ठेवून डोंगर तितके गार होतच नव्हते. पुढे बार्बाडोसच्या प्रवाळांनी आणि ब्राझीलच्या भूजलात विरघळलेल्या वायूंनी ५ अंशांच्या आसपासचा गारवा दाखवला. आज उत्तर या दोन टोकांच्या मध्ये मानलं जातं. म्हणजे त्या वेळी पुराव्यात कच्चेपणा होता, आणि तो उघडा पडायला मॉडेलची मदत झाली. दोघांनी एकमेकांना तपासायचं, अशी ही रीत आहे.

मॉडेलांना अजून जमत नाही असंही आहे. ६ हजार वर्षांपूर्वी सहारात गवत होतं, तळी होती. उन्हाळ्यात सूर्याची उष्णता त्या वेळी जास्त पोहोचत होती, हे कारण माहीत असूनही बहुतेक मॉडेलं पाऊस तितका उत्तरेला नेऊ शकत नाहीत. लेखकांना टीकाच करायची होती, तर ही जागा होती. आपल्या मान्सूनशी तिचा सरळ संबंध आहे.

मान्सूनवरून आठवलं. २०२० च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा तुम्ही पहिल्या पानावर रंगीत फोटो छापलात. त्याच तळ्याच्या तळातून सुमारे १० मीटरचा कोअर काढला गेला आहे, आणि ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी इथे पाऊस दीर्घकाळ रुसला होता, हे त्या गाळातून वाचलं गेलं आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या वाचकाला याहून जवळची बातमी कोणती? तिच्यावर तुमच्या पेपरात चार ओळीही मी पाहिल्या नाहीत, आणि मी रोजचा पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचते.

शेवटची तक्रार फोटोची. लेखासोबत सूक्ष्मदर्शकाखालचा एक फोटो आहे आणि खाली लिहिलंय, 'समुद्रतळाची वाळू'. ती वाळू नव्हे. वरच्या ओळीत डावीकडून दुसरं, चार फुगीर कप्प्यांचं आणि मोठ्या तोंडाचं, ते ग्लोबिजेरिना बुलॉइडिस या फोरॅमिनिफेराच्या जातीचं कवच. नैर्ऋत्य मान्सूनचे वारे जोरात वाहिले की खालचं थंड पाणी वर येतं, आणि अरबी समुद्रात ती भरभरून वाढते. तिची संख्या मोजून जुन्या मान्सूनचा जोर ठरवतात. उद्याच्या अंकात दुरुस्ती छापणार असाल, तर तिचं नाव नीट छापा.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक, चिपळूण