थर्माकोलचा किल्ला आणि पहिला नंबर

मा. संपादक,

शाळांतल्या इतिहासाच्या प्रोजेक्ट स्पर्धांबद्दल थोडं लिहायचंय. आपल्याकडे पोट्टे थर्माकोलचा सीताबर्डी किल्ला करतात, म्हणजे खरं तर त्यांचे आईबाबा रात्री जागून करतात, माहिती मोबाइलवरून उचलायची, कलर प्रिंट मारायची आणि ज्याचा किल्ला भारी दिसला त्याचा पहिला नंबर. 1817 च्या नोव्हेंबरात इथे भोसले आणि इंग्रजांची लढाई झाली हे चार्टवर असतं, पण ते तुला कळलं कुठून रे बापा, असं कोणी विचारतच नाही.

अमेरिकेत नॅशनल हिस्टरी डे नावाची स्पर्धा आहे, 1974 ला क्लीव्हलंडमध्ये सुरू झालेली, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. दरवर्षी एक थीम देतात, विषय मुलांनी शोधायचा आणि निबंध, प्रदर्शन, नाटक, डॉक्युमेंटरी नाहीतर वेबसाइट यातलं एक करायचं. ग्रुप पाच जणांपर्यंत चालतो, निबंध मात्र एकट्याचाच. विभाग, राज्य असं जिंकत गेलं की जूनमध्ये मेरीलँडला फायनल. पण खरी गंमत संदर्भांच्या यादीत आहे. त्या काळातली कागदपत्रं, फोटो, पत्रं वेगळी लिहायची, नंतरची पुस्तकं वेगळी, आणि प्रत्येकापुढे हे आपल्या काय कामी आलं ते थोडक्यात सांगायचं. वरून परीक्षक मुलांनाच प्रश्न विचारतात, तिथे आईबाबा मधे बोलू शकत नाहीत!

नागपुरात असं काहून नाही? विषयांची काय कमी आहे, 1923 चा झेंडा सत्याग्रह इथलाच, 1956 ची दीक्षाभूमी इथलीच. एम्प्रेस मिल 1877 ची, ती बंद पडली पण तिथे काम केलेले आजोबा अजून गल्लीगल्लीत आहेत, त्यांची मुलाखत घ्या, जुनी पगाराची पावती निघाली तर तिचा फोटो लावा, झालं की मूळ साधन. थर्माकोलपेक्षा स्वस्तच पडेल.

शिक्षकांवर आधीच ढीगभर कामं लादलेली आहेत, त्यामुळे एकदम सगळ्या शाळांना सर्क्युलर काढू नये नाहीतर परत किल्लेच येतील. आधी तयार असलेल्या चार-पाच शाळांनी एकत्र करून बघावं आणि मार्कांत सजावटीला कमी, संदर्भ नि उत्तरांना जास्त ठेवावे.

आणि एक तुमच्यासाठी. तुमच्या ऑफिसात जुन्या अंकांच्या फायली असतीलच, त्या महिन्यातून एक शनिवार शाळेच्या मुलांना बघू द्याल का?

एक पालक,
महाल, नागपूर