छताला लागलेलं वरण

सांगली,
रविवार, रात्री

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू हसत सांगितलंस, ‘बाबा, कुकर उडाला, वरण छताला लागलं.’ आई हसली, मीही हसलो. रात्री दोनला पाणी प्यायला उठलो आणि ओट्यापाशीच उभा राहिलो. डोळ्याला काही लागलं नाही ना? फोनवर तू हसतेस, मग विचारायचं राहून जातं, म्हणून हे पत्र.

कुकर आईचा, पाच लिटरचा, तू हट्टानं नेलास. देताना मी रिंग नवी घातली, शिट्टी धुऊन पाहिली. तुला नीट बसवून सांगायचं मात्र राहिलं. तूरडाळ थेट कुकरात, तीही वरपर्यंत! डाळीचा फेस चढतो, शिट्टीच्या भोकात जाऊन बसतो आणि वाफेला वाट उरत नाही. मग सेफ्टी व्हॉल्व्हमधला धातू वितळतो आणि सगळं तिथून बाहेर. तो वितळला म्हणून निभावलं. तू तेव्हा किती लांब होतीस?

डाळ निम्म्याच्या वर भरायची नाही. त्यापेक्षा आपल्यासारखा लाव. तळाला दोन पेले पाणी, त्यात लिंबाची साल म्हणजे कुकर काळा पडत नाही, खाली डाळीचं भांडं, वर भाताचं. डाळीत हिंग, हळद, तेलाचे दोन थेंब. वाफ पूर्ण जिरल्याशिवाय झाकणाला हात नाही. ‘आता पातेल्यातच शिजवते’ म्हणालीस, पण बंगळूर 900 मीटर उंचीवर. तिथं पाणी 97 अंशांनाच उकळतं, कुकरात ते 120 पर्यंत जातं. पातेल्यात डाळ शिजेपर्यंत कंटाळून तू ब्रेड खाशील, आणि ते मला कुकरइतकंच नको आहे.

पुन्हा शाळा भरवली मी. रागावू नकोस. दिवसभर दमून आल्यावर कुणी असं ऐकवलेलं मलाही आवडलं नसतं.

शिट्ट्या मोजायचं काम तुझं होतं, आठवतं? झोपाळ्यावरून ओरडायचीस, ‘दोन झाल्याऽऽ!’ एकदा आत्यानं तुला बोलण्यात गुंतवलं आणि तुझी मोजणी चुकली. भात कच्चा राहणार म्हणून किती रडलीस! भात मऊ झाला होता. आजीनं वर वरण, तूप आणि लिंबू पिळून दिलं, तर नाक ओढत तीनदा मागून खाल्लास.

तीच तू स्टुलावर चढून छत पुसलंस आणि साडेनऊला ऑफिसात हजर होतीस. खालच्या काकांना सांगितलं मी, दुधवाल्यालासुद्धा. पण स्टूल कुणी धरलं होतं? मागं ओट्याची कड होती का?

दोन व्हॉल्व्ह, एक रिंग आणि भडंग पाठवतोय. भडंग सगळं मैत्रिणींना वाटू नकोस. व्हॉल्व्ह दुकानातून बसवून घे. नाहीतर मीच येतो, राणी चन्नम्मा एक्स्प्रेसमध्ये बसलो की सकाळी तुझ्याकडे. आई म्हणते, एका व्हॉल्व्हसाठी कुणी बंगळूरला जातं का. तिनंच बॅग माळ्यावरून काढून ठेवलीय.

छताचा फोटो मिळाला. आता तुझा पाठव. चष्मा काढून, खिडकीजवळ उजेडात.

तुझा,
बाबा