क्रमवारीतला आकडा आणि वर्षाकाठी एक सामना

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

नेदरलँड्सच्या राज्यसंघातील कुरासाव हे कॅरिबियन समुद्रातले बेट नोव्हेंबर २०२५ मध्ये किंग्स्टन येथे जमैकाशी ०-० अशी बरोबरी साधून २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी पात्र ठरले. तेव्हापासून आमच्या भागातील क्रीडाप्रेमींच्या बोलण्यात एकच वाक्य येते : दीड लाख वस्तीच्या बेटाला जे जमले ते एकशे चाळीस कोटींच्या देशाला का जमू नये? २०११ च्या जनगणनेनुसार एकट्या भुसावळ शहराची लोकसंख्या एक लाख सत्त्याऐंशी हजार होती, त्यामुळे हा प्रश्न आम्हा भुसावळकरांना जरा जास्तच झोंबतो. भुसावळच्या मैदानांवर मुलांना फुटबॉल शिकवण्यात माझी नोकरीची सगळी वर्षे गेली. प्रश्नामागची खंत मला पूर्ण मान्य आहे, परंतु तुलनेची रीत चुकते आहे असे वाटते, म्हणून हे पत्र.

फिफाच्या क्रमवारीकडे आपण परीक्षेच्या गुणपत्रिकेसारखे पाहतो, आणि तिथेच गल्लत होते. ऑगस्ट २०१८ पासून लागू असलेल्या पद्धतीत प्रत्येक सामन्यापूर्वी दोन्ही संघांच्या गुणांतील फरकावरून अपेक्षित निकाल काढतात, प्रत्यक्ष निकाल त्यापेक्षा किती सरस वा कमी ठरला ते पाहतात आणि त्या फरकाला सामन्याच्या महत्त्वाने गुणतात. ठरलेल्या आंतरराष्ट्रीय कालावधीतील मैत्रीपूर्ण सामन्याला १०, पात्रता फेरीतील सामन्याला २५ आणि विश्वचषकाच्या सुरुवातीच्या फेऱ्यांतील सामन्याला ५० असे हे गुणक आहेत. म्हणजे हा आकडा केवळ खेळल्या गेलेल्या सामन्यांविषयी बोलतो. त्या देशात किती मुले खेळतात, किती मैदाने आहेत, यांतले काहीही त्याला ठाऊक नसते. आधीची पद्धत तर याहून सदोष होती. मैत्रीपूर्ण सामने टाळले की सरासरी सुधारत असे, आणि पोलंडने त्याचाच लाभ घेऊन २०१८ च्या विश्वचषकाच्या सोडतीत पहिल्या श्रेणीत जागा मिळवली. प्रत्यक्ष स्पर्धेत मात्र हा संघ साखळी फेरीतच बाद झाला.

एकाच खेळाच्या क्रमवारीवरून देशाची क्रीडासंस्कृती जोखणे किती फसवे आहे, हे पाहायचे असेल तर सान मारिनोचे उदाहरण घ्यावे. इटलीने चहूबाजूंनी वेढलेल्या या देशाची वस्ती जेमतेम चौतीस हजार. फिफाच्या यादीत २१० वा, म्हणजे शेवटचा क्रमांक याच्याच नावावर वर्षानुवर्षे आहे. एप्रिल २००४ मध्ये लिश्टेनश्टाइनला हरवल्यानंतर पुढचा विजय मिळण्यासाठी त्याला सप्टेंबर २०२४ पर्यंत थांबावे लागले. मात्र याच देशाने २०२१ मध्ये भरलेल्या टोकियो ऑलिंपिकला पाच खेळाडू पाठवले आणि तीन पदके आणली : नेमबाजीत एक रौप्य व एक कांस्य आणि कुस्तीत एक कांस्य. तो लिश्टेनश्टाइनही फुटबॉलमध्ये तळालाच असतो, पण हिवाळी ऑलिंपिकमध्ये बर्फावरील शर्यतींत त्याने दहा पदके मिळवली आहेत. फिजी फुटबॉलच्या यादीत कुठे आहे हे कोणी विचारत नाही. मात्र सात जणांच्या रग्बीत २०१६ आणि टोकियो अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णपदके याच नऊ लाखांच्या देशाची. ग्रेनाडा हा देश साधारणपणे नंदुरबार शहराएवढा आहे, आणि त्याच्या किरानी जेम्सने २०१२ मध्ये ४०० मीटर शर्यतीत सुवर्ण जिंकले. सेंट लुशियाच्या ज्युलियन आल्फ्रेडने २०२४ मध्ये पॅरिसला १०० मीटरचे सुवर्ण पटकावले. तो देश भुसावळहून फार मोठा नाही.

वैयक्तिक खेळात एक धावपटू, एक प्रशिक्षक आणि एक धावपट्टी एवढ्यावर जगाच्या शिखरापर्यंत जाता येते. फुटबॉलला मात्र अकरा जण लागतात, त्यांच्यामागे आणखी पंधरा, त्यांना झुंजवणारे प्रतिस्पर्धी संघ आणि वर्षभराचे सामने लागतात. म्हणूनच लहान देशाने सांघिक खेळात केलेली कामगिरी मला अधिक मोलाची वाटते, आणि त्यातही आइसलँडची.

२०१२ मध्ये आइसलँड क्रमवारीत १३१ व्या स्थानापर्यंत घसरला होता. तेव्हा तिथली लोकसंख्या सव्वातीन लाखांच्या आसपास होती, म्हणजे धुळे शहरापेक्षाही कमी. याच देशाने २७ जून २०१६ रोजी नीस येथे इंग्लंडला २-१ असे हरवून युरो स्पर्धेतून बाहेर घालवले, २०१८ च्या विश्वचषकात अर्जेंटिनाला १-१ असे रोखले आणि त्या सामन्यात त्यांच्या गोलरक्षकाने मेस्सीची पेनल्टी अडवली. त्या संघाचे प्रशिक्षक हाइमिर हाल्ग्रिमसन व्यवसायाने दंतवैद्य होते. हे सारे एका रात्रीत घडलेले नाही. लांबलचक, अंधाऱ्या हिवाळ्यात मैदाने गोठतात म्हणून २००० सालापासून त्यांनी पूर्ण आकाराची छताखालची मैदाने उभारली, शेकडो जणांना युरोपीय परवान्याचे प्रशिक्षण दिले, आणि सहा-सात वर्षांच्या मुलांनाही परवानाधारक, पगारी प्रशिक्षकाकडे सोपवले. हीच मुले हँडबॉलही खेळतात. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये आइसलँडला हँडबॉलचे रौप्य मिळाले होते. ती सोनेरी पिढी थकल्यावर संघ क्रमवारीत पुन्हा सत्तरच्या आसपास उतरला, २०२२ आणि २०२६ चे विश्वचषकही हुकले. पण आकडा घसरला म्हणून ती मैदाने आणि ते प्रशिक्षक नाहीसे झालेले नाहीत.

कुरासावच्या यशाविषयी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. त्या संघातील जवळजवळ सर्व खेळाडू नेदरलँड्समध्ये जन्मले आणि तिथल्याच क्लबांत घडले. ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रथमच पात्र ठरलेल्या केप व्हर्डेच्या संघातही पोर्तुगाल, फ्रान्स, नेदरलँड्स येथे स्थायिक झालेल्या कुटुंबांची मुले मोठ्या संख्येने आहेत. यात कमीपणा काहीच नाही, आपल्या मुळांसाठी खेळणाऱ्यांचे कौतुकच करावे. परंतु त्या दीड लाखांमागे युरोपातील पक्की व्यवस्था उभी आहे हे विसरून ‘बेट विरुद्ध भारत’ असा हिशेब मांडणे बरोबर नाही.

मग तुलना करावी कशाशी? माझ्या मते देशाशी देशाची नव्हे, तर त्या देशाशी आपल्या जिल्ह्याची करावी. २०११ मध्ये जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या बेचाळीस लाख होती. क्रोएशिया त्याहून लहान आहे, आणि त्याने विश्वचषकात १९९८ ला तिसरे, २०१८ ला दुसरे आणि २०२२ ला पुन्हा तिसरे स्थान मिळवले. दोनदा विश्वविजेता ठरलेला उरुग्वे तर पस्तीस लाखांचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावला भारताला २-१ असे हरवून आपला २०२७ च्या आशियाई चषकाचा मार्ग बंद करणाऱ्या सिंगापूरची वस्ती साठ लाखांच्या घरात आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे मिळून जनगणनेतच एकोणऐंशी लाखांचे होते. माणसे कमी पडत नाहीत. अंगकाठीही कमी पडत नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडची मुले सातपुड्याचे चढ रोज पायी चढून शाळेत येतात, त्यांच्या दमसासाबद्दल मी काही सांगायला नको.

कमी पडतात ते सामने. आपल्याकडील शालेय स्पर्धा बहुतांश बाद पद्धतीने होतात. तालुक्याच्या पहिल्याच फेरीत हरलेला संघ त्याच दुपारी एसटीने घरी परततो आणि त्या मुलाच्या वाट्याला वर्षभरात एकच अधिकृत सामना येतो. माझा एक डावखुरा विद्यार्थी पाचवी ते दहावी या सहा वर्षांत असे एकूण नऊ सामने खेळला. दहावीच्या वर्षी तर शाळेने पीटीचा तासही गणिताला दिला. आइसलँडमधील मूल एवढे सामने एका हंगामातच खेळून मोकळे होते. राष्ट्रीय संघाची क्रमवारी जर सामन्यांतून ठरत असेल, तर ती घडायला सुरुवात इथून, तालुक्याच्या मैदानावरून होते. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आलेला आणि १९६२ ला जकार्तामध्ये आशियाई सुवर्ण जिंकणारा भारतीय संघ सय्यद अब्दुल रहीम यांनी घडवला, तेव्हा फिफाची क्रमवारी अस्तित्वातही नव्हती.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक तालुक्यात सहा-आठ शाळांची साखळी स्पर्धा घ्यावी, म्हणजे हरलेल्या संघालाही पुढच्या शनिवारी पुन्हा खेळता येईल. पावसाळा सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंतचे महिने त्याला पुरेसे आहेत. मार्चनंतर आपल्याकडचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सकाळी सातच्या आत किंवा दिव्यांच्या उजेडात खेळवावे लागेल. आइसलँडने थंडीवर उपाय शोधला, तसा आपण उन्हावर शोधायला हवा. क्रीडाशिक्षकांना प्रशिक्षकाचे प्राथमिक प्रमाणपत्र घेण्यासाठी शुल्क आणि रजा मिळावी. मुलींची साखळी पहिल्याच वर्षापासून सुरू करावी, नंतर पाहू असे म्हणू नये. आइसलँडच्या महिलांनी २००९ मध्येच युरो गाठला होता, पुरुषांच्या सात वर्षे आधी.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणे आहे. क्रीडा पानावर युरोपातील क्लबांची गुणतालिका नियमित येते, आणि मी ती आवडीने वाचतो. तालुक्यातील साखळी सुरू झाल्यास तिच्या निकालांसाठी त्याच पानावर दर सोमवारी चार ओळींची जागा द्यावी. पहिल्या हंगामाचे निकाल गोळा करून आपल्या भुसावळ कार्यालयात वेळेवर पोहोचवण्याची जबाबदारी मी आनंदाने घेईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, भुसावळ