पिवळा ठिपका व्हॉल्व्हपाशी: कऱ्हाडजवळच्या टायरवाल्या मामांना आभारपत्र

आदरणीय मामा,

स. न. वि. वि.

दुकानातली पोरे आपल्याला मामा म्हणत होती, म्हणून मीही तेच संबोधन घेते. आपले नाव विचारायचे त्या गडबडीत राहून गेले. गेल्या श्रावणात पुण्याहून कोल्हापूरला जाताना, कऱ्हाडच्या अलीकडे महामार्गालगत असलेल्या आपल्या दुकानापुढे थरथरत्या स्टेअरिंगची पांढरी हॅचबॅक घेऊन एक बाई थांबली होती आणि मागच्या सीटवर तिची म्हातारी आई बसली होती, एवढी खूण पुरेशी व्हावी. आभार त्याच दिवशी मानले होते, पण ते घाईत. आपण त्या तासाभरात मला जे दाखवले ते घरी येऊन कागदावर मांडून पाहिल्यावर आभार नीट लिहूनच मानावेत असे वाटले, आणि नवे टायर घेणाऱ्या इतरांनाही ते कळावे म्हणून हे पत्र उघड लिहीत आहे.

त्याच्या दहा दिवस आधी मी शहरातल्या एका दुकानातून १८५/६५ आर १५ मापाचे चार नवे टायर बसवून घेतले होते. प्रत्येक टायरच्या बाजूवर एक पिवळा ठिपका होता, त्यांतल्या काहींवर लाल ठिपकाही होता, आणि जमिनीला टेकणाऱ्या पृष्ठभागावर गोल फिरलेल्या रंगीत रेघा होत्या. हे कशाचे, असे मी विचारले तेव्हा ‘मॅडम, ते कंपनीचं असतं, त्याचं काही नसतं’ असे उत्तर मिळाले. शेजारी उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी मात्र पिवळा ठिपका म्हणजे ‘सेकंड’चा, कमी दर्जाचा माल, अशी माहिती आपणहून पुरवली. मी कनिष्ठ महाविद्यालयात पंचवीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवते, तरीही त्या दोन उत्तरांपैकी कोणते खरे हे मला ठरवता आले नाही, आणि दोन्ही चुकीची असतील हे तर मनातही आले नाही.

पुण्यातून निघाल्यापासून ताशी नव्वदच्या आसपास स्टेअरिंगला किंचित कापरे भरत होते. सातारा सोडल्यावर पुढचे डावे चाक एका खड्ड्यात आपटले आणि त्यानंतर ते कापरे इतके वाढले की आईने मागून ‘गाडीला थंडी वाजतेय का गं’ असे विचारले. वेग साठावर आणला की सारे शांत व्हायचे, म्हणून तसेच हळूहळू आपल्या दुकानापर्यंत आलो.

आपण चाक उतरवण्याआधीच रिमच्या कडेवरची एक स्वच्छ, धूळ न बसलेली जागा बोटाने दाखवलीत. चाकाचा तोल साधण्यासाठी तिथे बसवलेले चाळीस ग्रॅमचे वजन खड्ड्यात उडून गेले होते. तेवढेच वजन पुन्हा ठोकून पाच मिनिटांत मला वाटेला लावले असते तरी माझी तक्रार नसती, आणि खरे सांगायचे तर मला ते कळलेही नसते. आपण मात्र उरलेली वजनेही काढलीत, चाक बॅलन्सिंगच्या, म्हणजे तोल मोजण्याच्या, मशीनवर फिरवलेत, आणि आकडा पाहून म्हणालात, ‘नव्या टायरला सत्तर ग्रॅम? ह्येला बसवतानाच चुकलंय.’ मग टायरवरचा पिवळा ठिपका दाखवलात. तो व्हॉल्व्हच्या, म्हणजे हवा भरायच्या नळीच्या, नेमका समोर, चाकाच्या दुसऱ्या टोकाला होता.

पिवळा ठिपका टायरची सर्वांत हलकी जागा दाखवतो आणि रिमची जड बाजू बहुधा व्हॉल्व्हची असते, म्हणून हलके जडाशेजारी बसवायचे, हे आपण दोन वाक्यांत सांगितलेत. टायर एकसंध ओतलेला नसतो. आतला हवाबंद थर, दोऱ्यांचे थर, पोलादी तारांचे पट्टे आणि वरचे जाड रबर असे एकावर एक गुंडाळून तो तयार होतो, आणि प्रत्येक थराचे टोक कुठे ना कुठे दुसऱ्या टोकावर चढते. भाकरी कितीही सराईत हाताने थापली तरी एखादी बाजू उन्नीस-बीस राहतेच, तसे हे. कारखान्यात टायरचा तोल पाहून हलक्या जागेवर रंगाचा ठिपका देतात, म्हणजे तो ठिपका मालाचा दर्जा सांगत नाही; टायर बसवणाऱ्या कारागिराला कारखान्याने पाठवलेला तो निरोप आहे. तो निरोप वाचायची तसदी आधीच्या दुकानात कोणी घेतली नव्हती.

आपण टायरची कडा रिमपासून सोडवलीत, पेस्ट लावलीत, टायर अर्धा फेर फिरवून पिवळा ठिपका व्हॉल्व्हपाशी आणलात आणि हवा भरून चाक पुन्हा मशीनवर चढवलेत. आता मशीन वीस ग्रॅम मागत होते. हा फरक मी त्या रात्री वहीत मांडला. टायरचा असमतोल पंचेचाळीस ग्रॅमचा आणि रिमचा पंचवीस ग्रॅमचा धरला, तर दोन्हींच्या जड बाजू एकाच ठिकाणी आल्यावर बेरीज होते सत्तर, आणि एकमेकींच्या विरुद्ध टोकांना आल्यावर वजाबाकी होते वीस. विद्यार्थ्यांना सदिशांची बेरीज शिकवताना मी आजवर नदी आणि नावेचे जे उदाहरण देत आले, त्याच्या जागी यंदापासून आपले चाक येणार आहे.

दुसरे गणित उडालेल्या तुकड्याचे. या मापाच्या टायरचा घेर सुमारे १.९५ मीटर असतो, म्हणजे ताशी १०० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला सुमारे चौदा फेरे घेते. वस्तुमान, त्रिज्या आणि कोनीय वेगाचा वर्ग यांचा गुणाकार केला की रिमच्या कडेवर कमी पडलेले चाळीस ग्रॅम त्या वेगाला जवळपास सहा किलो वजनाएवढ्या जोराने चाक ओढतात, आणि तेही सेकंदाला चौदा वेळा, दर वेळी फिरत्या दिशेने. वेग निम्मा केला की जोर चौथाईवर येतो, म्हणजे दीड किलोवर. गावात फिरताना जे चाक ठणठणीत वाटते तेच महामार्गावर हात का कापवते, याचे उत्तर त्या वर्गात आहे. ते सूत्र मला पाठ होते. आपल्या हाताला ते सूत्राशिवाय ठाऊक होते.

उजव्या चाकाकडे वळलात तेव्हा मला वाटले होते की काम झाले. तिथे वजने जागेवर होती, मशीनवर तोलही बरोबर दिसत होता, तरी आपण ते चाक हाताने सावकाश फिरवत राहिलात. निघाल्यापासूनचे किंचित कापरे या चाकाचे असणार, असा आपला अंदाज होता. या टायरवर लाल ठिपका होता, आणि लोखंडी रिमवर कडेजवळ एक बारीकशी खूण होती, जी मी दहा वर्षे गाडी धुताना पाहत आले आणि चरा समजत आले. ‘वजन लावून तोल येतोय, गोल येत न्हाई,’ हे आपले वाक्य मी तसेच्या तसे वहीत उतरून ठेवले आहे.

त्याचा अर्थ मला असा लागला. टायर भाराखाली दाबून फिरवला तर तो सगळीकडे सारख्या जोराने उलटा दाब देत नाही. जिथे रबर किंवा थर थोडे जाड वा ताठ असतील तिथे तो अधिक रेटतो. कारखान्यात टायर फिरत्या ड्रमवर दाबून हा रेटा मोजतात, आणि एका फेऱ्यातल्या चढउताराचा शिखरबिंदू जिथे येतो तिथे लाल ठिपका देतात. रिमही अगदी काटेकोर गोल नसते; तिची त्रिज्या जिथे सर्वांत कमी भरते तिथे काही उत्पादक रंगाचा ठिपका किंवा छोटी खाच करतात. टायरचा उंचवटा रिमच्या त्या खोलगट जागेवर आणला की दोन उणिवा एकमेकींना बऱ्याच अंशी झाकतात, आणि आपण तेच केलेत. लंबगोल चाकालाही वजने लावून मशीनवर शून्य आणता येईल, पण रस्त्यावर ते दर फेऱ्याला उडणारच. म्हणून टायरवर दोन्ही ठिपके असले आणि रिमवर खूण असली, तर मान लालला द्यायचा; रिमवर खूण नसली, तर पिवळा ठिपका व्हॉल्व्हपाशी आणायचा. बाजारातल्या पुष्कळशा अलॉय रिमवर अशी खूण सापडत नाही, त्यामुळे बहुतेक वेळा पिवळाच कामी येतो, असेही आपण सांगितलेत. आणि ज्या गाड्यांत व्हॉल्व्हलाच हवेच्या दाबाचा सेन्सर जोडलेला असतो, तिथे ती बाजू आणखी जड असल्याने पिवळ्या ठिपक्याचे महत्त्व वाढते.

रंगीत रेघांबद्दल मी विचारले तेव्हा आपण हसलात. गोदामात टायर रचले की बाजूवरची अक्षरे झाकली जातात आणि फक्त पृष्ठभाग दिसतो, तेव्हा माप आणि प्रकार लांबून ओळखता यावा म्हणून त्या रेघा असतात. बसवण्याशी त्यांचा संबंध नाही आणि चार दिवस गाडी चालली की त्या पुसल्या जातात. माझ्या तर तोवर पुसल्याही गेल्या होत्या.

आपले मला सर्वांत आवडले ते हे की या ठिपक्यांचे आपण स्तोम माजवले नाही. ठिपका जुळवला म्हणून बॅलन्सिंग टळत नाही, शेवटचा शब्द मशीनचाच. ठिपका न जुळवताही मशीनने थोडक्या वजनात तोल दिला तर टायर पुन्हा उतरवायचे कारण नाही. आणि झिजलेल्या टायरवर ठिपका दिसला तरी त्याचा भरवसा धरू नये, हे सारे आपण न विचारता सांगितलेत. उलट ज्या खुणांना पर्याय नाही त्या वेगळ्या काढून दाखवल्यात. बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर टायर त्याच दिशेने फिरला पाहिजे, नाहीतर पाणी बाहेर फेकणाऱ्या खाचा उलट्या पडतात. आणि ‘आउटसाइड’ असे लिहिलेली बाजू बाहेरच आली पाहिजे. माझ्या टायरांवर बाण नव्हता, पण शेजारच्या गिऱ्हाइकाच्या टायरवर तो दाखवण्यासाठी आपण मला उन्हातून चार पावले चालवलेत. त्याच टायरवर चार आकड्यांचा शिक्काही वाचायला शिकवलात: २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. घरी येऊन मी पाचही टायरांचे आठवडे लिहून काढले, स्टेपनीसकट. स्टेपनीचा आकडा पाहून लाज वाटली, तो इथे लिहीत नाही.

आणखी एक गोष्ट. दोन्ही चाके चढवल्यावर आपण खिशातून खडू काढून रिमवरून टायरवर जाणारी एक सरळ रेघ ओढलीत आणि कोल्हापुरात पोचल्यावर ती पाहायला सांगितलेत. पेस्ट पुरती सुकेपर्यंत जोरात ब्रेक लावला किंवा गाडी एकदम पळवली तर टायर रिमवर किंचित सरकू शकतो, आणि मग सगळी जुळवाजुळव वाया जाते, म्हणून पहिला दिवस सबुरीने चालवा, असे आपले सांगणे होते. मी रंकाळ्याजवळ भावाच्या दारात उतरले तेव्हा आधी आईला हात द्यायचा सोडून चाकापाशी वाकले. दोन्ही रेघा अखंड होत्या. वाटेत पंचाण्णवच्या वेगालाही स्टेअरिंग स्थिर राहिले होते आणि आई कऱ्हाडपासून झोपली होती.

पैशांच्या बाबतीत आपण केवळ बॅलन्सिंगचे घेतलेत, टायर उतरवून चढवल्याचे घेतले नाहीत. मी आग्रह केला तेव्हा ‘ते आधीच्या दुकानात दिलेत की’ असे म्हणालात. मला मात्र त्याहून मोलाचे वाटले ते हे की सारे बोलणे आपण थेट माझ्याशी केलेत. गाडीच्या दुकानात बाईने प्रश्न विचारला की उत्तर बहुतेकदा सोबतच्या पुरुषाला मिळते, आणि सोबत पुरुष नसला तर मिळतच नाही. आपण ठिपक्यावर माझे बोट ठेवायला लावून समजावलेत.

मागची दोन चाके त्या दिवशी वेळेअभावी पाहायची राहिली. त्यांतल्या उजव्या चाकाचा पिवळा ठिपका व्हॉल्व्हपासून वीतभर लांब आहे, हे मी आता स्वतः पाहिले आहे. दिवाळीनंतर आईला परत आणायला कोल्हापूरला जायचे आहे, तेव्हा आपल्याकडे थांबून मशीन किती ग्रॅम मागते ते पाहू, आणि स्टेपनीही बदलू.

कळावे, लोभ असावा.

आपली आभारी,
पांढऱ्या हॅचबॅकवाली प्राध्यापिका