डागी दाणे जातात कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यकृताच्या कर्करोगावरचा आपल्या आरोग्य पुरवणीतला लेख वाचला. दारू, ‘ब’ आणि ‘क’ काविळीचे विषाणू, यकृतात साठणारी चरबी, मधुमेह असं सगळं त्यात आलं आहे. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत ‘ब’ काविळीची लस मिळालीच पाहिजे, हे ठळक छापलंत ते फार बरं केलंत. पण माझी हयात किराणा-भुसारात गेली, त्यामुळे एक गोष्ट राहून गेल्याचं लगेच लक्षात आलं. ती म्हणजे बुरशीचा शेंगदाणा.

शेंगदाण्यावर आणि मक्यावर ॲस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी वाढते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करते. माणसाला कर्करोग होतो हे ज्यांच्याबद्दल पक्कं ठरलं आहे, अशा पदार्थांच्या पहिल्या गटात जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते घातलं आहे. त्याचा मुख्य घाला यकृतावरच पडतो. त्यातून अंगात ‘ब’ काविळीचा विषाणू असेल, तर धोका कितीतरी पटींनी वाढतो. दाणे खमंग भाजले की विष जळून जातं, असं बायका-पुरुष सगळेच म्हणतात. भाजण्याने ते थोडं कमी होतं, जात मात्र नाही.

हे विष एकदम जास्त पोटात गेलं तर काय होतं, ते आपल्या शेजारीच घडलेलं आहे. १९७४ साली गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा या भागात मका अवकाळी पावसात भिजला. आदिवासी कुटुंबांकडे खायला दुसरं काही नव्हतं, तोच मका त्यांनी खाल्ला. काविळीची साथ आली, शंभरावर माणसं गेली. घरातलं उष्टं खाणारी कुत्रीसुद्धा मेली. थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात जातं, त्याचा असा गाजावाजा होत नाही. उलटा दाखला चीनच्या चीतुंग भागातला आहे. तिथे यकृताचा कर्करोग अतोनात होता. १९८०च्या दशकात तिथले लोक मका सोडून तांदूळ खायला लागले, आणि लस घेतलेली पिढी मोठी होण्याच्या आधीच तिथल्या कर्करोगाचं प्रमाण उतरायला लागलं.

आता आपल्या बाजाराकडे येतो. शेंग हलवली की आत दाणा खुळखुळला पाहिजे, तेवढी वाळल्याशिवाय ती पोत्यात भरायची नाही, हे जुना शेतकरी जाणतो. पण ऑक्टोबरात पाऊस लांबला की काढलेला भुईमूग शेतातच भिजतो, आणि पैशाची नड असली की ओलसर शेंगच बाजारात येते. त्याहून वाईट म्हणजे फोडताना दाण्याची डाळ होऊ नये म्हणून काही जण शेंगांवर पाणी मारतात. दाणा अख्खा निघतो, भावही चांगला मिळतो, आणि तोच ओला दाणा पोत्यात गरम होत पडतो. बुरशीला आणखी काय हवं?

मग होते निवड. सुरकुतलेले, काळपट, किडके, फुटके दाणे बाजूला काढतात. बहुतेक विष याच दाण्यांत असतं, म्हणून निवड ही चांगलीच गोष्ट. प्रश्न पुढचा आहे. हा डागी माल फेकून दिलेला मी क्वचितच पाहिला. तो कमी भावात विकला जातो. अख्ख्या दाण्यात डाग दिसतो, कुटात, चटणीत, चिक्कीत कोणाला दिसणार? लसूण-तिखट जरा चढं घातलं की खवटपणाही कळत नाही. एका घाऊक व्यापाऱ्याने मला सरळ सांगितलं होतं, ‘कुटाला चालतो, घेऊन टाका.’ मी घेतला नाही, पण तो माल दुसऱ्या दिवशी तिथे नव्हता.

काही डागी माल घाण्यावर जातो. लाकडी घाण्याच्या तेलाची सध्या हवा आहे. तेल चांगलंच, पण ते रिफाइंड होत नाही, तेव्हा दाणा कसला घातला हे विचारलंच पाहिजे. विषाचा मोठा वाटा पेंडीत उतरतो, पेंड जनावर खातं आणि त्याचा अंश दुधात येतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ साली देशभरातून घेतलेल्या दुधाच्या ६,४३२ नमुन्यांपैकी ५.७ टक्के नमुन्यांत तो मर्यादेपेक्षा जास्त निघाला होता. भेसळीच्या बातम्यांपुढे ही बातमी कोणी धरून ठेवली नाही.

मी दाणे सोडा म्हणत नाही. कुटाशिवाय साबुदाण्याची खिचडी म्हणजे शिक्षाच. यकृताच्या कर्करोगात दारू आणि काविळीचे विषाणू यांचा वाटा मोठा आहे, हेही मान्य. पण दारू पिणाऱ्याला आपण काय पितोय ते ठाऊक असतं. कुटाची पुडी आणणाऱ्याला ठाऊक नसतं.

पुढच्या प्रक्रियेसाठीच्या शेंगदाण्यात किलोमागे १५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त अफ्लाटॉक्सिन असू नये, असा नियम आहे. नुसत्या डोळ्यांनी ते कळत नाही, प्रयोगशाळाच लागते. म्हणून अन्न व औषध प्रशासनाला विनंती, की दिवाळीत खवा-मिठाईवर धाडी घालता तेव्हाच तयार कूट, सुट्या चटण्या आणि चिक्की यांचेही नमुने घ्यावेत. नव्या भुईमुगाची आवक त्याच सुमाराला असते. बाजार समित्यांनी ओलावा मोजल्याशिवाय शेंगेचा सौदा करू नये. डागी माल खाण्यासाठी विकायला बंदी घालून तो कुठे गेला याची नोंद ठेवायला लावावी. आणि शाळा-अंगणवाड्यांत जिथे चिक्की वाटली जाते, तिथे प्रत्येक खेपेचा तपासणी अहवाल पालकांना दिसेल असा लावावा.

आपला,
एक निवृत्त किराणा दुकानदार, कराड