अनोळखी गॅमा स्रोताच्या शोधात साथ देणाऱ्या मॅडमना अनावृत पत्र

मुंबई

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

आपले आभार मी फोनवर मानले होते, परंतु तेवढ्याने माझे समाधान झाले नाही. आकाशातला एक अनोळखी गॅमा स्रोत म्हणजे नेमकी कोणती वस्तू, हे शोधण्याच्या आमच्या प्रकल्पासाठी आपण केलेले बरेचसे काम अहवालात दिसत नाही. अहवालात एका उमेदवाराचे, म्हणजे तो स्रोत असू शकेल अशा वस्तूचे, स्थान आहे, एक तक्ता आहे आणि काही आलेख आहेत. मात्र तो एकच उमेदवार का टिकला आणि बाकीचे का गळाले, यामागची सगळी शिस्त आपली आहे. ती इतरांनाही कळावी म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहे.

गॅमा किरण टिपणारी फर्मी दुर्बीण जून २००८ मध्ये अवकाशात गेली आणि तिच्या पहिल्या आठ वर्षांच्या निरीक्षणांवर आधारलेल्या चौथ्या सूचीत ५०६४ गॅमा स्रोतांची नोंद झाली. त्यांपैकी १३३६ स्रोतांना इतर कोणत्याही तरंगलांबीत पटण्याजोगे प्रतिरूप, म्हणजे तीच वस्तू असावी असा जोडीदार, मिळालेले नव्हते. आमच्या एमएस्सीच्या विद्यार्थ्यांनी निवडलेला स्रोत त्यांतलाच एक. गॅमा किरण आरशाने वा भिंगाने एकवटता येत नाहीत. फर्मीवरील उपकरणात टंगस्टनच्या पातळ पत्र्यांमध्ये किरणाचे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या जोडीत रूपांतर होते, आणि सिलिकॉनच्या पट्ट्यांवर उमटलेल्या त्यांच्या मागावरून मूळ किरणाची दिशा काढली जाते. कमी ऊर्जेचे कण पत्र्यांमधून जाताना वाटेत इतके विचलित होतात की १०० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास एकेका किरणाची दिशा काही अंशांनी चुकू शकते. पुष्कळ किरण जमल्यावर स्रोताची जागा बरीच आवळत आणता येते, तरी शेवटी काही कला (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) रुंदीचे एक लंबवर्तुळ उरतेच, आणि स्रोत त्यात कुठेही असू शकतो. पत्रावर नुसते ‘गिरगाव’ लिहिलेले असावे आणि वाडी, चाळ, खोली यांपैकी काहीच नसावे, तशी ही स्थिती असते. त्या लंबवर्तुळात दृश्य प्रकाशातले तारे आणि दीर्घिका शेकड्यांनी असू शकतात.

आपण पहिल्यांदा महाविद्यालयात आलात तेव्हा विद्यार्थी मोठ्या उत्साहात होते, कारण स्विफ्ट उपग्रहाच्या क्ष-किरण प्रतिमेत एक ठिपका थेट लंबवर्तुळाच्या आत पडला होता. आपण त्यांचा उत्साह मोडला नाहीत; फक्त एक काम दिलेत. हेच लंबवर्तुळ उचलून शेजारच्या, गॅमा स्रोत नसलेल्या आकाशावर वेगवेगळ्या जागी ठेवायचे आणि तिथे तितकेच चांगले ‘उमेदवार’ किती मिळतात ते मोजायचे. क्ष-किरणांत असे ठिपके क्वचितच मिळाले. अवरक्त आणि दृश्य प्रकाशाच्या सूचींत मात्र जवळजवळ प्रत्येक रिकाम्या जागी काही ना काही सापडत गेले, आणि केवळ जवळ असणे हा किती तोकडा पुरावा आहे हे मुलांना स्वतःच्या मोजणीतून उमगले. मी वर्गात ही गोष्ट कितीही वेळा सांगितली असती तरी ती इतकी ठसली नसती.

त्याच दुपारी आपण जेमिंगाची हकीकत सांगितलीत. मिथुन राशीतल्या त्या स्रोताचा सुगावा १९७२ मध्ये सोडलेल्या सास-२ उपग्रहाला लागला. १९८३ मध्ये आइन्स्टाइन उपग्रहाच्या निरीक्षणांतून क्ष-किरणांतला एक उमेदवार पुढे आला. पण प्रश्न मिटायला १९९२ उजाडावे लागले. त्या वर्षी रोसॅट उपग्रहाच्या क्ष-किरण निरीक्षणांत ०.२३७ सेकंदांचे स्पंदन सापडले आणि तेच स्पंदन गॅमा किरणांतही मिळाले. जागा जुळली तेव्हा फक्त उमेदवार मिळाला होता. दोन्ही तरंगलांबींत एकच ठोका ऐकू आला तेव्हा ओळख पटली. हा फरक आपण फळ्यावर दोन स्तंभ करून लिहिलात, आणि तेव्हापासून आमच्या प्रत्येक चर्चेत कोणता पुरावा कोणत्या स्तंभात जातो हे आधी विचारले जाते.

सर्वांत मोठे ऋण आहे ते रेडिओ नकाशाचे. नारायणगावजवळ खोडदला असलेल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या, म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांच्या, १५० मेगाहर्ट्झच्या सर्वेक्षणात आमच्या लंबवर्तुळात दोन मंद ठिपके दिसत होते. परंतु जवळच एक प्रखर रेडिओ स्रोत होता आणि त्याच्यापासून आऱ्यांसारख्या रेषा फाकल्या होत्या. दोघांपैकी एक ठिपका नेमका अशाच एका रेषेवर बसला होता. इतक्या कमी कंप्रतेवर आयनांबरामुळे, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरामुळे, संकेतांच्या लहरींचे टप्पे सतत मागेपुढे होत राहतात आणि प्रखर स्रोताभोवती असे अवशेष उरतात, हे आपण समजावलेत. पुढे आपले स्वतःचे काम सांभाळून, संग्रहातील मूळ निरीक्षणे घेऊन, मानवनिर्मित रेडिओ गोंगाट काढून आणि अंशांकन (मोजमापातल्या चुकांची दुरुस्ती) पुन्हा पुन्हा सुधारून आपण तो नकाशा नव्याने तयार केलात. हे काम किती वेळखाऊ आणि किती चिकाटीचे असते हे ज्यांनी केले आहे त्यांनाच ठाऊक.

नवा नकाशा आपण छापून आणला होतात, आणि सोबत त्याचीच चिन्हे उलटी केलेली दुसरी प्रत होती. प्रयोगशाळेच्या टेबलावर दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून आपण मुलांना उलट्या प्रतीत ‘स्रोत’ शोधायला सांगितलेत. आकाशातला खरा रेडिओ स्रोत ऋण असू शकत नाही, म्हणून उलट्या प्रतीत जे ठळक दिसेल तो निव्वळ गोंगाट किंवा अवशेष, आणि खऱ्या प्रतीतला उमेदवार त्याहून स्पष्टपणे वरचढ नसेल तर त्यावर विश्वास ठेवायचा नाही. रेषेवरचा ठिपका या कसोटीला उतरला नाही. दुसरा उतरला, आणि त्याचे स्थान क्ष-किरणांतल्या ठिपक्याशी काही विकलांच्या (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) आत जुळले. ही साधी, प्रामाणिक कसोटी मी यापुढे दरवर्षी शिकवणार आहे.

त्यानंतरचे टप्पे तुलनेने सरळ गेले. १५० आणि १४०० मेगाहर्ट्झच्या सर्वेक्षणांतील तीव्रता ताडून पाहता रेडिओ वर्णपट जवळजवळ सपाट निघाला, म्हणजे दोन्हीकडे तीव्रता साधारण सारखीच होती, आणि वाइज उपग्रहाच्या अवरक्त मोजमापांतले रंग ब्लाझार, म्हणजे कृष्णविवराजवळून थेट आपल्याकडे झोत सोडणाऱ्या दीर्घिका, ज्या पट्ट्यात एकवटतात तिथेच पडले. तिथे दिसणारा प्रकाश ताऱ्यांच्या उष्णतेतून येत नाही; तो कृष्णविवराजवळून आपल्या दिशेने निघालेल्या झोतातील इलेक्ट्रॉनांचा असतो, म्हणून त्याचे रंग साध्या दीर्घिकांपेक्षा वेगळे पडतात.

आम्ही सर्वजण ‘ब्लाझार’ म्हणून मोकळे होण्याच्या बेतात असताना आपण स्पंदकाची, म्हणजे वेगाने फिरत ठरावीक ठोक्याने स्पंदणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याची, शक्यता शिल्लक ठेवलीत, याबद्दल मी विशेष कृतज्ञ आहे. फर्मीच्या अनोळखी स्रोताच्या दिशेने शोधताना जीएमआरटीलाच २.१६ मिलिसेकंद आवर्तकालाचा जे१५४४+४९३७ हा स्पंदक मिळाला होता आणि ते काम २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले, ही आठवण आपण करून दिलीत. जे१३११-३४३० ची गोष्ट तर त्याहून बोलकी आहे. तिथे दृश्य प्रकाशात सुमारे ९४ मिनिटांनी बदलणारा एक मंद तारा आधी सापडला, आणि तो तारा स्पंदकाभोवती ज्या कक्षेत फिरतो तिचा आधार घेऊन २०१२ मध्ये गॅमा किरणांच्या नोंदींतून स्पंदन शोधून काढण्यात आले. म्हणून आपल्या सांगण्यावरून आम्ही आमच्या उमेदवाराचा दृश्य प्रकाशातील तेजोबदल तपासला. त्यात कोणतीही नियमित आवर्तिता आढळली नाही, आणि गॅमा वर्णपटातही स्पंदकांना असतो तसा ठळक बाक दिसला नाही. यावरून स्पंदकाची शक्यता संपत नाही, पण ती बरीच मागे पडते. अहवालात ‘ओळख पटली’ असे न लिहिता ‘संभाव्य प्रतिरूप’ असे लिहिले आहे, ते आपल्याच आग्रहामुळे, आणि माझ्या मते तो आग्रह अगदी रास्त होता.

आमच्या महाविद्यालयात खगोलशास्त्राचा स्वतंत्र विभाग नाही. कल्याणहून आणि विरारहून लोकलने येणाऱ्या या मुलांना ‘संशोधन दुसऱ्यांसाठी असते’ असे वाटत असे. आपण त्यांच्याशी सहकाऱ्यांशी बोलावे तसे बोललात, त्यांच्या कच्च्या आकडेमोडीवर शेरे लिहून पाठवलेत, आणि एका विद्यार्थिनीने आपण काढलेल्या आकड्यावर हरकत घेतली तेव्हा तो आकडा तिच्यासमोर पुन्हा काढून दाखवलात. ती आता डॉक्टरेटसाठी अर्ज करते आहे.

आता उरले आहे ते दृश्य प्रकाशातील वर्णपटाचे काम. लडाखमधील हानले येथील दोन मीटर व्यासाच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीवर वेळ मिळावा म्हणून मुलांनी अर्जाचा मसुदा तयार केला आहे. वर्णपटात रेषा मिळाल्या तर ताम्रसृती, म्हणजे त्या रेषा लाल रंगाकडे किती सरकल्या आहेत हे, कळेल आणि अंतरही काढता येईल. रेषाच नसल्या तर तोही बीएल लॅसर्टे प्रकारच्या ब्लाझारकडे निर्देश करणारा पुरावा ठरेल, अंतर मात्र तूर्त अज्ञातच राहील. मसुदा आपल्याला वेगळ्या पाकिटातून पाठवत आहे. सवडीने पाहावा आणि नेहमीप्रमाणे जिथे पटणार नाही तिथे समासात खूण करावी, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
भौतिकशास्त्राची एक शिक्षिका आणि तिचे विद्यार्थी